आवर

"अजून आवरलं नाहीस?" सासूबाईंनी दारातून विचारलं, तेव्हा ती स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात खांद्यापर्यंत शिरली होती.

"होतंय, आई," ती आतूनच म्हणाली, आणि हाताला लागलेली झाकणं खाली टाकली. सात झाकणं, आणि त्यांतल्या एकाचाही डबा घरात नाही! डबे होते, त्यांना झाकणं नव्हती. एक ना धड, भाराभर चिंध्या.

साडेबारा वाजले होते. साडेतीनला तिची गाडी होती. ती चुकली तर उद्या सकाळी दहाला ती त्या दूरच्या शहरातल्या कार्यशाळेत पोचणार नव्हती, आणि तिची जागा यादीतल्या पुढच्या बाईला मिळणार होती. कृत्रिम पाय बनवायचं सहा महिन्यांचं शिक्षण होतं ते. लग्नाआधी ती दवाखान्यात प्लास्टर घालायची. हात असा हलका, की रडकी पोरंसुद्धा तिच्यापुढे गुपचूप पाय लांब करायची. गेल्या वर्षी हीच जागा घराच्या रंगकामापायी गेली. त्याच्या आदल्या वर्षी न्हाणीघराचे नळ बदलायचे निघाले. नवरा कधी नाही म्हणाला नाही हो, खोटं कशाला बोला! "जा की, मी कुठे अडवलंय?" असंच म्हणायचा. फक्त त्याला एक शेपूट असायचं. या वेळचं शेपूट असं, "जायच्या आधी तेवढी स्वयंपाकघरातली कपाटं आवरून टाक. आईला काही सापडत नाही."

तेवढी! भिंतभर कपाटं, चौदा दारं, आणि एकही दार असं नाही की उघडल्यावर अंगावर काही येत नाही.

तीन दिवस ती जुंपलेली होती. रोजचं हाताशी, जड ते खाली, वर्षाकाठी लागणारं वर आणि फुटकं-तुटकं दाराबाहेरच्या खोक्यात, असा तिने झकास बेत आखला होता. पण आज सकाळीच सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या आणि बेताचे बारा वाजले. ती कान तुटलेला कप खोक्यात टाकायला निघाली की त्या म्हणत, "राहू दे गं ते." कप परत कपाटात. चिरलेली बरणी उचलली, "राहू दे म्हटलं ना." बरणी परत. त्याहून जास्त बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे चिमटा लागायचा. मधूनमधून घड्याळाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आवर."

एक वाजता नवऱ्याचा फोन आला. "झालं का? चालू आहे अजून? अरे वा! मग आवरतेच आहेस तर माळ्यावरचंही बघून घे. परत परत कोण पसारा काढणार?"

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. बारा वर्षांत तिच्या तोंडी हा एकच शब्द रुळला होता.

माळ्यावरून निघाल्या तीन कढया, दोन तुटक्या किसण्या, एक विजेची शेगडी आणि कुणाच्या तरी लग्नात आलेला चहाचा आख्खा संच, खोक्यातून कधी बाहेरच न काढलेला. हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणावं, तर इथे हत्तीच अजून दारात उभा. तिचे केस धुळीने माखले होते. आतल्या खोलीत तिची बॅग उघडी पडली होती, आणि बॅगेत अजून काहीही गेलं नव्हतं.

"दोन वाजले," सासूबाई म्हणाल्या. "आवर गं लवकर."

"आवरतेय ना, आई! दोनच हात आहेत मला!"

या घरात तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. तिची तीच दचकली. पायाशी भांड्यांचा ढीग होता, त्याच्या मधोमध ती मटकन बसली. स्टेशनला जायला पाऊण तास, आणि सहा कपाटं बाकी. हिशेब जमत नव्हता. गेल्या वर्षीही जमला नव्हता, पुढच्या वर्षीही जमणार नव्हता. तिला रडूच फुटलं.

"जाऊ दे, आई," ती डोळे पुसत म्हणाली. "नाही जात मी. सावकाश आवरते सगळं."

सासूबाई उठल्या. त्यांनी समोरचा ढीग पायाने बाजूला सारला आणि कपाटांची उघडी दारं एकामागून एक धाडधाड लावली. एक दार लागेना, ते पाठीने रेटलं.

"कपाटं आवर असं कधी म्हटलं मी?" त्या म्हणाल्या. "सकाळपासून घसा कोरडा केला. तू आवर, तू! तोंड धू, कपडे बदल, केस विंचर. बॅग मी भरते."

ती बघतच राहिली. "आणि सारखं राहू दे, राहू दे म्हणत होतात ते?"

"मग काय तर! राहू दे ते सगळं नि नीघ, असंच म्हणत होते. पण तू कसली ऐकतेस, कप परत कपाटात ठेवत बसलीस."

"अहो, पण ह्यांना काय सांगायचं? आणि तुम्हाला काही सापडणार नाही, आई."

सासूबाईंनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"माझीही गाडी होती एकदा," त्या म्हणाल्या. "तेवढी कपाटं आवरते नि निघते, म्हटलं होतं मी."