ऐच्छिक

रविवारी सकाळी अकराला लेक-जावयाबरोबरचा ऑनलाइन खेळ उघडताना लॅपटॉपच्या पडद्यावर ती चौकट पुन्हा उगवली. 'हा सर्व्हर सजावटीचा पॅक वापरण्याची शिफारस करतो. वापरायचा?' खाली हो आणि नाही. वैजयंतीने चष्मा सारखा केला आणि सलग सातव्या रविवारी 'नाही' दाबलं.

भोपाळच्या सरकारी कचेरीत तिने एकतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले होते. ज्या रकान्यापुढे 'ऐच्छिक' लिहिलेलं असतं तो कोरा सोडावा, हे शहाणपण तिथलंच. त्यात नेहरू नगरातल्या शेजारच्या गोविंदरावांनी मोबाइलवर कुठल्याशा चौकटीत 'हो' दाबलं आणि त्यांच्या नावाने साऱ्या नातेवाइकांना नको नको ते संदेश गेले. तेव्हा पुण्याहून लेक केतकीनेच बजावलं होतं, "आई, कुठेही हो दाबायचं नाही. कोणी कितीही गोड बोललं तरी." आणि आता त्याच लेकीचा नवरा गोड बोलत होता.

"आई, आज तरी पॅक घेतला ना?" फोनच्या स्पीकरवरून समीरने विचारलं. "मी स्वतः बनवलाय. खेळ तोच राहतो, फक्त दिसायला छान होतं."

"न घेता चालतो का खेळ?" असं तिने पहिल्याच रविवारी विचारलं होतं आणि तो "चालतो की" म्हणाला होता. चालतो, तर मग एवढा आग्रह कशाला, हा किडा तेव्हापासून तिच्या डोक्यात वळवळत होता. पण दर रविवारची कटकट कोण ऐकून घेणार?

"घेतला हो, घेतला," ती थाप ठोकून मोकळी झाली.

"तो फिर वर ये ना जल्दी," केतकी म्हणाली. भोपाळ सोडून सहा वर्षं झाली तरी घाईत तिच्या तोंडी हिंदीच यायची. "एक चीज दाखवायचीय तुला."

ठोकळ्यांच्या त्या दुनियेत वैजयंतीची चौकोनी बाहुली लेकीच्या घराचा जिना चढली. वर नवी खोली काढलेली होती. पलंग नाही, कपाट नाही. उघड्या भिंती, छताला टांगलेले साधे कंदील, खिडकीला नुसती काच, मधोमध जमिनीवर एक लाल भोपळा, आणि त्याच्या दोन बाजूंना केतकी आणि समीरच्या बाहुल्या उभ्या. बाकी काही नाही.

"बघितलंस?" केतकीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"बघितलं."

वैजयंतीला हे लक्षण काही ठीक दिसेना. दोघांच्या संसारात वेगळी खोली कधी लागते? एकाला दुसऱ्याचं तोंड बघायचं नसतं तेव्हा. तरीच हा माणूस दर रविवारी एवढा गोड बोलतो. तरीच महिनाभर पोरगी "थकलेय गं" म्हणून फोन लवकर ठेवते.

"ही खोली कोणाची?" तिने सरळच विचारलं. "तुमची का, समीर?"

समीर हसला. "माझी कशी असेल? तुम्ही पण ना, आई."

हे उत्तर नव्हतं. कचेरीत कोणी असं बोललं की ती त्याचा अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायची.

"आई, कुछ तो बोल. कसं वाटलं?"

आता भोपळ्याबद्दल माणसाने बोलायचं काय? पॅकमुळे फार तर तो जरा चकचकीत दिसत असेल, एवढीच तिची कल्पना. आणि ते विचारायला जावं तर जावयासमोर थाप उघडी पडणार.

"चांगला आहे," ती म्हणाली. "पण वाटेत येतोय. थांब, मी खाली स्वयंपाकघरात नेते."

झाडं तोडायला केतकीने शिकवलं होतंच. तिने तसंच बटण दाबून धरलं. चार ठोसे बसले, टप् असा आवाज झाला आणि भोपळा तिच्या हातात आला.

केतकीची बाहुली दिसेनाशी झाली. पडद्याच्या कोपऱ्यात ओळ आली, 'केतकी खेळ सोडून गेली.'

"अगं, झालं काय?"

"आई," समीर हळू आवाजात म्हणाला, "तीन महिने पुरे होईपर्यंत कोणालाच सांगायचं नाही, असं ठरलं होतं आमचं. पण तिला तुम्हाला आधी दाखवायचं होतं. तुम्हाला... आनंद नाही झाला?"

वैजयंती खेळातून बाहेर पडली आणि पुन्हा आत शिरली. चौकट आली. तिने 'हो' दाबलं. निळी पट्टी भरायला एक मिनिटही लागलं नसेल, पण तिला ते सरता सरेना.

खोलीच्या भिंती फिकट पिवळ्या होत्या. छताला कंदिलांच्या जागी कापडी पोपट टांगलेले होते आणि खिडकीला झालरीचा पडदा होता. मधली जागा तेवढी रिकामी होती. वैजयंतीला मनापासून शरम वाटली. ज्या माणसावर ती दीड महिना डोळा ठेवून होती, तो बसून एकेक पोपट रंगवत होता.

"केतकी, ऐकतेयस ना? मी खोटं बोलले, बेटा. पॅक घेतलाच नव्हता मी. आत्ता घेतला."

फोनवर नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"मग आता काय दिसतंय तुला?" केतकीने विचारलं.

"पाळणा," वैजयंती म्हणाली. "माझ्या हातात आहे गं. हळूच खाली कसा ठेवतात, ते सांग मला."