टाचण्यांची डबी

"सिंधू, त्या कागदावर सही करू नको," पार्बताबाई चौथ्यांदा म्हणाल्या. "माया भावाले चितेबिगर कावून धाडून रायली तू?"

सिंधूताईंनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. एवढ्या मोठ्या गोष्टीला एकच बाजू पुरते, याचं त्यांना जरा नवल वाटलं. बाकी सकाळपासून काहीच वाटलं नव्हतं.

भगवंतराव समोर सतरंजीवर होते, गळ्यापर्यंत पांढरी चादर. सहाला गेले. अकराला अकोल्याच्या मेडिकल कॉलेजची गाडी अंजनगावात दारासमोर उभी राहिली. देहदानाचा फॉर्म त्यांनी चार वर्षांपूर्वी स्वतःच भरला होता, ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात, स्टेजवर, शाल-नारळ घेऊन. 'विज्ञान शिक्षकाचा अखेरचा पाठ' असं पेपरात आलं होतं. ते कात्रण लॅमिनेट होऊन भिंतीवर लटकत होतं. आता फक्त बायकोची संमती हवी होती. भगवंतरावांच्या देहाबाबत बायकोला कोणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"तिथं पोरी बी रायतेत म्हणे. साऱ्यायसमोर उघडा ठेवतीन त्याले," पार्बताबाई रडत म्हणाल्या. "उभ्या जन्मात बनेनवर ओट्यावर आला नाई माया भाऊ."

हे मात्र खरं होतं. भगवंतरावांनी एकतीस वर्षं गावच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवलं, आणि एकतीस वर्षं एक धडा शिकवला नाही. जूनमध्ये पुस्तकं आली की ते टाचण्यांची डबी घेऊन वर्गात यायचे. पुनरुत्पादनाची पानं काढायला लावायचे, न बघता. प्रत्येक बाकावर टाचण्या मोजून द्यायचे. "पानं टाचा. मोठे झाले की सोडजा." मुलं टाचायची. परीक्षेत त्या धड्याच्या प्रश्नाला पर्याय असायचा. तो पर्याय सोडवून गावातली बरीच मुलं शिकली, काही तर डॉक्टरही झाली.

त्यातलीच एक, रागिणी, गाडीबरोबर आली होती. कॉलेजात ती शरीररचनाशास्त्र शिकवत होती. सरांचं नाव यादीत पाहून स्वतः आली. आल्याबरोबर तिने चादरीवरून सरांच्या पायाला हात लावला. पाय कुठे आहेत हे तिला न शोधता कळलं, तो तिचा विषयच होता.

"मामी, इचार करा," किशोर म्हणाला. तो पार्बताबाईंचा मुलगा. "लोकं म्हणतीन, लेकरू नोतं म्हणून प्रेत दवाखान्यात देऊन टाकलं. आग द्याले मी हाओ ना."

ओसरीवर कोणीच सिंधूताईंकडे पाहिलं नाही. न पाहण्याची गावाला सवय होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात घरात पाळणा हलला नाही. रिद्धपूरच्या देवाला नवस झाला, उपासतापास झाले, अमरावतीला दोनदा पिशवी साफ करून झाली. डोहाळजेवणाला सिंधूताईंना कुठे बसवायचं, हे पार्बताबाई ठरवायच्या: स्वयंपाकघरात, भज्यांच्या कढईपाशी. भजी त्यांची चांगली व्हायची. भगवंतराव यावर कधी काही बोलले नाहीत. देवमाणूस, लोक म्हणायचे. दुसरी केली नाही.

"काकू, जबरदस्ती नाही," रागिणी हळूच म्हणाली. "तुम्ही नाही म्हटलं तर आम्ही रिकामी गाडी नेऊ. पण आता वेळ फार नाही."

"तिथं सगळं शिकवता?" सिंधूताईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"एखादा भाग सोडून देत असान."

"नाही हो काकू. काहीच सोडत नाही."

सिंधूताईंनी सही केली. शाळेतल्या मुलीसारखी, पूर्ण नाव, आडनावाची वेलांटी नीट काढून. पार्बताबाईंनी हंबरडा फोडला. किशोर फोन कानाला लावून अंगणात गेला.

"याला आधारची झेरॉक्स जोडावी लागेल," रागिणी म्हणाली. "टाचणी आहे का?"

टाचण्यांना या घरात तोटा नव्हता. सिंधूताई आत गेल्या आणि भगवंतरावांच्या कपाटातून डबी घेऊन आल्या. रागिणीने ती लगेच ओळखली. दहावीत हिच्यातल्याच दोन टाचण्या तिच्या पुस्तकाला लागल्या होत्या. हसून तिने झाकण फिरवलं, आणि हसू तिथेच राहिलं. रुंद तोंडाची, पारदर्शक, प्लास्टिकची डबी. बाजूला पिवळी पडलेली चिठ्ठी. रुग्णाचे नाव: भगवंतराव. नमुना घेतल्याची वेळ: पुढे कोरं.

"काकू, ही तर..."

"अमरावतीच्या डॉक्टरीणबाईनं देल्ली होती. पंच्याऐंशी साली," सिंधूताई म्हणाल्या. "माया सगळ्या तपासण्या झाल्या. तुमच्यात दोष नाई म्हणे, आता मास्तरले याच्यात आणाले सांगा. यायनं घरी आणली अन् टाचण्या भरल्या."

पार्बताबाईंचं रडणं मध्येच थांबलं.

सिंधूताईंनी टाचण्या चहाच्या बशीत ओतल्या. एक निवडून कागदाला लावली. डबी पदराने आतून पुसली, झाकण घट्ट बसवलं आणि सही केलेल्या कागदावर ठेवली.

"अख्खा देह देल्ला त्यायनं इग्न्यानाले. एवढंच द्याचं रायलं होतं. तेवढं पाहून घ्या, बाई. अन् काय निघंल ते मले नाई सांगितलं तरी चालते. या पार्बताआक्कायले सांगजा."