मोठी अक्षरं

लॅपटॉपचं झाकण एका हाताने उघडत नव्हतं. वर उचललं की खालचा भागही सोबत उठायचा. तिने दुसऱ्या हाताने तो टेबलावर दाबून धरला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"स्वस्तातला आहे. एवढं चालायचंच," तो पेपरमधून डोकं न काढता म्हणाला.

चार दिवसांत तिने त्या यंत्राचे गुणदोष ओळखले. खोक्यावर बॅटरी दहा तास चालेल असं छापलं होतं. ती जेवणाच्या वेळेलाच मान टाकायची. कॅमेऱ्यात तिचा चेहरा आजाऱ्यासारखा हिरवट दिसायचा. एकदम चार फायली उघडल्या की ते विचारात पडायचं. पण कळा मऊ होत्या, पंख्याचा आवाज नव्हता आणि मुख्य म्हणजे पडद्यावरची अक्षरं मोठी होती.

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक मजकूर तिच्या डोळ्यांना टोचायचा. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला ही अडचण बोलून दाखवायची सोय नव्हती. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या तिच्या प्रकाशकाने यापुढे कागद बंद, सगळं काम संगणकावर, असं कळवलं तेव्हा ती दोन दिवस जुनी मुद्रितं आवरत बसली. पुढच्या आठवड्यात नवऱ्याने हे खोकं आणून पुढ्यात ठेवलं.

पहिलं वाक्य टाइप करताना तर ती थबकलीच. कळांची मांडणी जुनी होती, कॉलेजच्या दिवसांत टायपिंगच्या क्लासात शिकलेली. बोटं न बघता जागेवर पडत होती.

"हे कोणी करून दिलं?"

"दुकानात सांगितलं. त्यांनी दिलं बसवून."

"आणि अक्षरं?"

"तीही."

भाजीत मीठ नाही हे ज्याला दुसऱ्या वाढीला कळायचं, त्या माणसाने इतकं लक्षात ठेवलं होतं. तिला अप्रूप वाटलं. त्या दुपारी तिने त्याच्यावरचे बरेच जुने राग मनातल्या मनात सोडून दिले.

सगळ्यात मोठा राग मात्र त्याच्यावरचा नव्हता. पाच वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ त्याला चारचौघांत टाकून बोलला होता. तसं नवऱ्याने घरी येऊन सांगितलं होतं. "मी काही आता त्या घराची पायरी चढणार नाही. तुला जायचं तर जा."

ती कशी जाणार? नवऱ्याचा जिथे अपमान झाला तिथे एकटीने जाऊन चहा पिणार? तिने दादाला फोन केला नाही. त्याचा येईल म्हणून वाट पाहिली. तो आला नाही. दहा मिनिटांवर राहणारा सख्खा भाऊ ऑपरेशनलासुद्धा फिरकला नाही, तेव्हा तिने त्याचं नाव मनातून पुसून टाकलं. आई गेल्यावर ज्याने रोज सकाळी तिच्या वेण्या घातल्या, तो असा उलटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी रस्ता खोदणाऱ्यांनी इंटरनेटची केबल तोडली. तपासलेलं पुस्तक चारच्या आत प्रकाशकाकडे पोचायचं होतं, नाहीतर पुढचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं. तीन वाजले होते. मोबाईलवरून पाठवायला गेली तर फाइल मध्येच अडकत होती. नवरा कामावर होता, फोन उचलत नव्हता. लॅपटॉप पिशवीत घालून ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली.

"माझंही बंद आहे, ताई," तो म्हणाला. "या बाजूचं सगळंच गेलंय. रस्त्यापलीकडची लाइन वेगळी. तिकडे कुणी ओळखीचं असेल तर बघा."

रस्त्यापलीकडे तिच्या ओळखीचं एकच घर होतं.

वहिनीने दार उघडलं आणि कडी हातात धरून तशीच उभी राहिली.

"दहाच मिनिटं," ती म्हणाली. "एक फाइल पाठवायची आहे. पाठवली की निघते."

"अगं, ये ना. हे बँकेत गेलेत. येतीलच एवढ्यात."

ती जेवणाच्या टेबलाशी बसली. इकडेतिकडे पाहायचं नाही, असं तिने येतानाच ठरवलं होतं. दोन्ही हातांनी झाकण उघडलं.

"इथला पासवर्ड सांग."

"थांब हं, चष्मा आणते. डायरीत लिहून ठेवलाय."

वहिनी चष्मा आणि डायरी घेऊन परत आली तोवर अर्धी फाइल गेली होती. लॅपटॉपने पासवर्ड विचारलाच नव्हता.

"हा आपोआप कसा जोडला गेला?" तिने विचारलं.

"जोडला जाणारच की. याच टेबलावर दोन दिवस हे त्याच्याशी झटत होते. तुझी ती क्लासातली मांडणी काही सापडेना. मग म्हणाले, अक्षरंही मोठी करू, डोळे दमायला नकोत तिचे." वहिनीने डायरी मिटली. "यांना चांगला भारीतला घ्यायचा होता. पण भाऊजी म्हणाले, साधाच घ्या, नाहीतर तुम्ही दिलाय हे तिला कळेल आणि ती हातही लावणार नाही."

"आमचे हे इथे आले होते?"

"दर महिन्याला येतात. तुझी खुशाली त्यांच्याकडूनच तर कळते. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी हे सकाळपासून दवाखान्याच्या खाली बाकावर बसून होते. भाऊजी म्हणाले, वर येऊ नका, तुम्हाला बघून तिचं बीपी वाढेल."

फाइल पोचल्याचं पडद्यावर आलं. तिने झाकण मिटलं नाही. उठलीही नाही.

वहिनी समोरच्या खुर्चीवर बसली आणि दार उघडल्यापासून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आज आलीच आहेस तर एक सांग. भाऊजी पाच वर्षं तुझी समजूत घालतायत, तरी तू आमचं नावसुद्धा घरात काढू देत नाहीस. असं काय गं चुकलं आमचं?"