दुकानाची तक्रार

ही नोकरी लागली तर संघमित्राच्या पदरात पडण्यासारखं बरंच होतं. महिन्याचा पगार, आतून कडी लागणारी खोली, आणि ‘बोलायचेही पैसे घेता म्हणे तुम्ही लोक’ असं दर लग्नात विचारणाऱ्या ज्योत्स्नाकाकूला एक उत्तर. समुपदेशनाची पदवी हातात येऊन दीड वर्ष झालं होतं. काकूचा प्रश्न मात्र दर हंगामात ताजा असायचा.

डॉक्टर विवेकचाही हिशेब होता. ते इंदूरचे, मराठीचं अक्षर येत नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला दवाखाना टाकला तर किरनापूर-लांजीकडची मराठी माणसं त्यांच्यासमोर बसून नुसती मान हलवत. मराठी बोलणारी पोरगी आली की मोकळी होतील, हा अंदाज. अट एकच ठेवली: आठवड्याभरात एका तरी पेशंटनं आपणहून पुढची तारीख मागावी. आज शनिवार. सहा जण सुंदर मराठीत ‘सारं बेस आहे’ सांगून गेले होते.

सातव्या कमलाबाई. किरनापूरच्या, वय साठ. सगळ्या तपासण्या चांगल्या, झोप मात्र नाही. मुलगा गजेंद्र मोटारसायकलवर घेऊन आला आणि बाहेर बाकावर बसला.

“बोला मावशी, आपल्याच भाषेत बोला,” संघमित्रा म्हणाली.

“का बोलू माय? पोरगा सोन्यासारका. सून तं लक्ष्मी. मोटरवाला पलंग आनून देल्ला मले.”

“मंग झोप काहून नाही येत?”

“वय झालं.”

दहा मिनिटं अशीच गेली. पोरगा सोन्याचा, सून लक्ष्मी, पलंग मोटरवाला. संघमित्रानं घड्याळाकडे पाहिलं नाही, एवढाच तिचा संयम.

तेवढ्यात कमलाबाईंचा फोन वाजला. जबलपूरचा बांगड्यांचा ठोक व्यापारी होता. बाईंचा आवाज एकदम दीड हात वर गेला.

“अरे भैया, पिछले माल में बारह चूड़ी टूटी थी, उसका क्या? ... तीस साल से माल ले रही, मेरे को मत सिखाओ! ... क्या? ... नहीं. अब मेरे को मत पूछो. लड़के को पूछो. मैं नहीं बैठती दुकान में.”

फोन ठेवला. गालांवर आलेला रंग हळूहळू उतरायला लागला.

तो पुरता उतरायच्या आत संघमित्रानं विचारलं, “दुकान में क्यों नहीं बैठतीं आप?”

“क्या बताऊँ मॅडम!” कमलाबाई खुर्चीच्या टोकाला आल्या. “तीस साल गल्ला सँभाला. आदमी गया, तेरहवीं के दूसरे दिन शटर खोला मैंने. अब लड़का बोलता, आराम कर. नौकर रख लिया. नौकर को हरी और तोतई चूड़ी में फरक नहीं समझता! और मेरे को पलंग पे रखा, बटन दबाओ तो पाँव ऊपर. शोकेस का माल हूँ क्या मैं?”

संघमित्राला हसू फुटलं. कमलाबाईही हसल्या, मग मध्येच अडखळल्या.

“पूरा दिन मेरे को... वो... कैसा बोलते...”

“रिकामं लागते?”

“हौ. रिकामं.” त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा हिंदीच्या गाडीत चढल्या.

पाऊण तासानं संघमित्रानं हळूच विचारलं, “मावशी, हे मराठीत काहून नाही सांगतलं?”

“मराठीत बोलली तं पोराची तक्रार होते. हिंदीत नुसती दुकानाची होते.”

दोघी बाहेर आल्या. डॉक्टर दारातच उभे होते. आतलं काही विचारायचं नाही हा नियम त्यांचाच, म्हणून त्यांनी फक्त भाषेची चौकशी केली.

“मराठी में बात हुई?”

“दस मिनट. बाकी हिंदी में,” संघमित्रानं खरं ते सांगून टाकलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “हिंदी तो मैं भी बोल लेता हूँ.”

कमलाबाई पदर सावरत तारखा देणाऱ्या मुलीच्या टेबलाशी गेल्या.

“पुढच्या शनिवारी याव का?”

“आइए ना, अम्माजी,” ‘शनिवार’ तेवढं समजून डॉक्टर म्हणाले. “मेरे पास बैठिए, आराम से हिंदी में...”

“तुमच्यापाशी?” कमलाबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. “तुमच्यापाशी हिंदीत अटकली तं वापस कोठं येऊ?”

डॉक्टरांना काही कळलं नाही. संघमित्रानं ते हिंदीत करून सांगितलं. त्या दिवशी तिला करावं लागलेलं हे एकच भाषांतर. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला, आणि टेबलामागच्या मुलीला नेमणुकीचं पत्र टाइप करायला सांगितलं.

गजेंद्र उठला. “माय, का म्हनलं वं मॅडमनं?” असं विचारत त्यानं पाचशेची नोट काढली. कमलाबाईंनी त्याचा हात बाजूला सारला आणि कमरेचा बटवा सोडला.

“ठेव तुह्यापाशी. तू देशीन तं मले तुही तारीफच कराव लागंन.”

तर आजची फी कमलाबाईंनी भरली, पुढच्या शनिवारचीही. संघमित्राचा पगार डॉक्टरांच्या माथी बसला. गजेंद्र नोट हातात धरून तसाच उभा होता. चहावाला आला तेव्हा चौघांच्या चहाची नोट त्यानंच दिली, आणि दुकानदार असून उरलेले पैसे परत घ्यायचं विसरला.