दोन तोंडांची गाडी

“अहो, बाटलीतलं उरलेलं पाणी कोण पिणार, तुमचा काका? ओता आधी, मग टाका!”

आईचा आवाज ऐकला आणि त्याचे कान तापले.

हजारभर माणसं स्वच्छतेच्या घोषणा देत रस्त्याने चालली होती. त्यांच्या मधोमध एक ढकलगाडी चालली होती. तिला दोन तोंडं. हिरवं ओल्या कचऱ्याला, निळं सुक्याला. गाडीची कल्पना त्याची, कचऱ्याचा प्रमुखही तोच. छातीवर तसा बिल्ला होता. आणि गाडीला चिकटून त्याची आई चालली होती, येईल त्याला झापत.

हिला ये म्हणालं कोण? तीस वर्षं कचरा निवडला, अजून हौस फिटली नाही! त्या निवडण्यावर हा शिकला होता, पण ऑफिसात त्याने एवढंच सांगितलं होतं की आई नोकरीला होती.

भीती मात्र वेगळीच होती. सकाळी गाडी चढावर हलेना, तेव्हा त्याने मधली फळी उपटून फेकली होती. आत आता एकच गोणी. दोन तोंडं, एक पोट. चालता चालता लोक टाकतात आणि पुढे जातात, आत कोण डोकावतंय?

डोकावणारी एकच होती. तिनेच त्याला जन्म दिला होता.

“सर, त्या आजी कोण हो?” बरोबरच्या मुलीने विचारलं. “लोक घाबरून बाटल्या निथळून टाकतायत.”

“कोण जाणे. गर्दीत शिरलं असेल कुणीतरी.”

आई दोन हातांवर होती. तिने मान वर केली नाही. हातातल्या बाटलीचं झाकण तेवढं जोरात पिळलं.

चौकात सगळे थांबले. आई गाडीच्या मागे गेली. “भरली का बघते,” म्हणत तिने कडीला हात घातला.

तो धावला. “आजी, हात लावू नका गाडीला!”

आजी. सख्ख्या आईला.

दार उघडलं होतं. केळीची सालं, चहाचा चोथा, कागद आणि तिने सकाळपासून एकेक रिकामी करून दिलेल्या बाटल्या, सगळं कालवलेलं. असंच कालवलेलं तीस वर्षं तिच्या पुढ्यात पडत आलं होतं. त्यातल्याच एका काचेने तिचं बोट कायमचं वाकडं केलं होतं.

ती बघत राहिली. मग तिने दार लोटलं, कडी घातली.

तेवढ्यात निवेदक माइक घेऊन आला. “मंडळी, आज खरं काम कुणी केलं? या आजींनी! जोरात टाळ्या!”

लोकांनी चौक दणाणून सोडला. मोबाइल वर झाले. टाळ्या पडल्या तशी त्याची लाज कुठल्या कुठे पळाली. लाजेचं हे असंच, नको तिथे चिकटते आणि हवी तिथून पळते. त्याने बिल्ला सरळ केला, तोंडभर हसू आणलं आणि आईच्या खांद्यावर हात टाकला.

“अरे वा, सर!” निवेदक म्हणाला. “आजी, हे तुमचे कोण?”

आईने गाडीच्या कडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. वाकड्या बोटाने तिने माइक जवळ ओढला.

“कोण जाणे,” ती म्हणाली. “गर्दीत शिरलं असेल कुणीतरी.”