दारातला हिरवा

"रोप बाहेर नेता येणार नाही काकाजी. आमची पॉलिसी आहे."

गौरांगचं वर्धा रोडवर काचबंद दुकान होतं. मातीविना, नुसत्या पाण्यावर भाजी उगवायचं सामान तिथं मिळायचं. छताला दिवेच दिवे. मधला जांभळा दिवा चालू होता आणि त्याच्याखाली लेट्यूसची बारा रोपं लग्नाच्या स्टेजवर बसवल्यासारखी चमकत होती.

लहानू विणकरानं खिशातून सुताची लडी काढली, हिरवी, पातळाच्या काठाची, आणि दिव्याखाली धरली. लडी काळी दिसली.

सोबत आलेल्या सुनेला, हर्षाला, लाज वाटली. "मामाजी, सूत घ्याले नाही आलो आपण."

"मालूम आहे मले."

म्हातारा मुद्दाम करतो आहे, याची तिला खात्री होती. वीस दिवसांपूर्वी तांडापेठेतल्या घरातून तिनं त्याचा हातमाग हलवायला लावला होता; त्या खोलीत आता ती पाण्यावर पाला उगवणार होती. शेजारी तीन मजले उठल्यापासून त्या खोलीत ऊन येत नव्हतं, म्हणून हे दिवे. पाला घ्यायला तीन हॉटेलं तयार होती. त्या भरवशावर तिनं शाळेतली नोकरी सोडली होती. पाला पिवळा पडला तर घरात ना माग, ना पगार. म्हाताऱ्याला तेच हवं असेल. आजचं हे चौथं दुकान, आणि चारही ठिकाणी त्याचं नाक वाकडंच.

"काकाजी, हे सायंटिफिक आहे," गौरांग म्हणाला. "लाल आणि निळा, बस. झाडाला बाकी रंगांचं काही कामच नाही."

"मंग दारात नेऊ दे."

"बाहेर ऊन पाहा ना किती आहे! जळून जाईल."

"पाच पावलात?"

गौरांग हसला आणि म्हातारा तिथं नसल्यासारखा हर्षाकडे वळला. "जाऊ द्या ताई. जुन्या लोकांना नाही समजत ह्या गोष्टी."

दहा मिनिटांपूर्वी हर्षा मनात नेमकं हेच म्हणाली होती. आता त्याच्या तोंडून ऐकताना तिला किळस आली.

लहानूनं विचारणं सोडलं. जाळीच्या पेल्यासकट एक रोप उचललं आणि मुळांचं पाणी फरशीवर सांडत तो सरळ दाराकडे निघाला. "अरे! अरे काकाजी!" करत गौरांग धावला, तोवर दार उघडलं होतं.

उन्हात लेट्यूस पिवळं होतं. कडा करपलेल्या, देठ लांबुडके, आजारी पोराच्या मानेसारखे. लहानूनं शेजारी लडी धरली. हिरवीगार.

"तो खताचा प्रॉब्लेम आहे!" गौरांग ओरडला. "दिव्याचा नाही!"

"मंग तुले दिसला काहून नाही गा?"

लहानू हर्षाकडे वळला.

"चाळीस वर्षं म्या सुताचा रंग दिव्याखाली नाही ठरवला. दारात नेला, मंगच घेतला. जो व्यापारी आतच पाहा म्हणे, त्याचा रंग कच्चा निघे. उद्या तुह्या खोलीत तू एकटी उभी राहशीन वं. पाला मरून राहिला, हे तुले कोण सांगन? हा दिवा?"

हर्षानं मान वर केली. तुह्या खोलीत, म्हणाला होता तो; आजवर तो त्या खोलीला मागाची खोली म्हणत आला होता.

दुकानदार मात्र दुकानदारच. दोघं आत येईपर्यंत त्यानं जांभळा दिवा विझवून कोपऱ्यातला पांढरा लावला होता. त्याच्याखाली पालक होता, डोळे निवावेत असा.

"हा घ्या ताई. ह्यात सगळं खरं दिसते. माझी गॅरंटी."

लहानूचा हात खिशातल्या लडीकडे गेला. पण त्याच्या आधी हर्षानं वाकून पालकाचं एक रोप पेल्यासकट उचललं. मुळांचं पाणी तिच्या साडीवर टपटपलं.

"ताई, आता तुम्ही पण?"

"दार धरा मामाजी," हर्षा म्हणाली.

लहानूनं दार ढकललं आणि पाय लावून अडवून धरलं.