येत्या शुक्रवारची कूस

"रेकॉर्ड चोख आहे, मॅडम," वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाने या आठवड्याचा तक्ता फौजदारबाईंपुढे धरला. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या गुळवणींची कूस दर दोन तासांनी बदलल्याच्या सह्या त्यावर होत्या. एकही रकाना रिकामा नव्हता. पडून पडून गुळवणींच्या पाठीला झालेली जखम मात्र हाडापर्यंत गेली होती. जखमेने तक्ता वाचला नसावा.

तक्रार शेजारच्या खाटेवरच्या तेंडोलकरांची होती. त्यांनी नम्रपणे विचारलं, "मॅडम, आज वार कोणता?"

"बुधवार."

"मग येत्या शुक्रवारी दुपारी दोनला यांना डाव्या कुशीवर कुणी वळवलं, तेवढं विचारा."

सह्या करणारी सेविका रडायलाच लागली. "सगळ्या सह्या सोमवारीच उरका, असं साहेबच म्हणाले!"

फौजदारबाईंनी तक्ता जप्त केला आणि तेंडोलकरांचा जबाब लिहून घेतला. व्यवस्थापक तेंडोलकरांच्या कानाशी लागला. "काका, गुन्हा दाखल झाला तर इथे टाळं लागेल. तुम्ही जाणार कुठे?"

तेंडोलकरांना खरोखरच कुठे जायला जागा नव्हती.

"बघू," म्हणत त्यांनी जबाबावर सही ठोकली. "आधी तुम्ही इकडे या, पायांकडून धरा. यांना वळवायचंय."